कोरस, फेजर, फ्लँजर की ट्रेमोलो? गिटारसाठी पहिलं मॉड्युलेशन पेडल निवडताना पैसे कुठे वाया जातात?

पहिला पगार झाला त्याच आठवड्यात मी एक फ्लँजर पेडल घेतलं. पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा त्यात गेला. कारण काय, तर रात्री अंथरुणात पडून पाहिलेला एक डेमो व्हिडिओ. डोक्यावरून जेट विमान जावं तसा आवाज, निळ्या लाइट्स आणि खाली कमेंट्सचा पाऊस.

पहिल्याच रविवारी जॅमपॅडवर ते लावलं. दोन गाणी झाल्यावर आमचा बेसिस्ट म्हणाला, "तू वाजवत होतीस ना? मला ऐकूच आलं नाही." पुढच्या वर्षभरात ते पेडल मी मोजून चार वेळा वापरलं आणि शेवटी निम्म्या किमतीला विकून टाकलं.

पेडल वाईट नव्हतं, चूक माझ्या प्रश्नात होती. 'कुठलं पेडल भारी वाटतं?' हे मी विचारलं होतं. 'मी जे वाजवते त्याला काय लागतं?' हे विचारलंच नव्हतं.

तुम्हीही कार्टमध्ये एखादं पेडल टाकून विचार करत बसला असाल, तर 'बाय नाऊ' दाबण्याआधी हे वाचा.

मॉड्युलेशन म्हणजे नेमकं काय?

डिस्टॉर्शन गिटारचा आवाज खरखरीत करतं. डिले आवाज पुन्हा ऐकवतो. मॉड्युलेशन आवाजाला हलतं ठेवतं. आवाजातली एखादी गोष्ट ठरावीक वेगाने वर-खाली होत राहते. ती गोष्ट कोणती, यावरून त्या इफेक्टचं नाव ठरतं.

ही वर-खाली करणारी जी संथ लहर असते तिला एलएफओ म्हणतात, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर. ती आपल्याला थेट ऐकू येत नाही, तिचा परिणाम ऐकू येतो. समजा, कोणीतरी अदृश्य हाताने नॉब सतत फिरवतंय.

म्हणूनच जवळपास प्रत्येक मॉड्युलेशन पेडलवर दोन नॉब सापडतात. 'रेट' किंवा 'स्पीड' म्हणजे तो हात किती वेगाने फिरतो. 'डेप्थ' म्हणजे तो किती लांबपर्यंत फिरतो. हे दोन कळले की निम्मं काम झालं.

ट्रेमोलो: फक्त आवाज कमी-जास्त

सगळ्यात सोपा इफेक्ट. कोणीतरी व्हॉल्यूमचा नॉब तालात कमी-जास्त करतंय, बस्स. सूर बदलत नाही.

हा इफेक्ट जुनाही आहे. १९४० च्या दशकातच अमेरिकेत डीआर्मंड कंपनीचा ट्रेमोलोचा वेगळा डबा मिळत होता. पुढे अनेक अ‍ॅम्पमध्ये तो आतच बसवला जाऊ लागला. त्यामुळे पेडल घेण्याआधी आपल्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेमोलो आहे का ते बघा. असलेल्या गोष्टीसाठी पुन्हा पैसे कशाला?

कसा ऐकू येतो? ग्रीन डेच्या 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स'ची (२००४) सुरुवात आठवा. ती थरथरणारी गिटार म्हणजे ट्रेमोलो.

निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, ट्रेमोलो चालू केला की एकूण आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून पेडलवर लेव्हलचा नॉब असावा. दोन, गाण्याच्या तालाशी थरथर जुळली नाही तर ड्रमरशी भांडण ठरलेलं. १२० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे सेकंदाला दोन वेळा थरथर झाली तरच ती ठोक्यावर बसते. अंदाजाने नॉब फिरवण्यापेक्षा पायाने ताल देता येणारं 'टॅप टेम्पो'चं पेडल सोयीचं पडतं.

व्हायब्रेटो: सूरच हलतो

इथे व्हॉल्यूम तोच राहतो, सूर किंचित वर-खाली होतो. गायक लांब स्वर धरतो तेव्हा त्यात येणारं कंपन आठवा.

नावांचा गोंधळ मात्र जबरदस्त आहे आणि त्यात फेंडर कंपनीचा मोठा वाटा आहे. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटलं गेलं, पण ती बदलते सूर. आणि डीलक्स रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पवर 'व्हायब्रेटो' लिहिलेलं असतं, पण तो बदलतो व्हॉल्यूम. जुना अ‍ॅम्प किंवा पेडल घेताना नावावर जाऊ नका, कानावर विश्वास ठेवा.

पहिलं पेडल म्हणून व्हायब्रेटो मी सुचवणार नाही. पूर्ण कॉर्डवर तो जास्त झाला की गिटार बेसूर झाल्यासारखी वाटते.

कोरस: आरतीचा आवाज

गणपतीत घरी वीस जण आरती म्हणतात. सगळे तेच शब्द, तोच सूर म्हणत असतात, पण कोणी किंचित मागे, कोणी किंचित चढा. त्या बारीक फरकांमुळेच तो आवाज भरलेला वाटतो. एकाच माणसाचा आवाज वीसपट मोठा केला तरी तसं वाटणार नाही.

कोरस पेडल हेच करतं. मूळ आवाजाची एक प्रत काढतं, ती साधारण २० ते ३० मिलिसेकंद उशिरा सोडतं आणि तिचा सूर हलकासा हलवत राहतं. मूळ आणि प्रत एकत्र ऐकली की कोरस. मूळ आवाज काढून टाकला तर उरतो व्हायब्रेटो!

जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ साली जेसी-१२० हा अ‍ॅम्प आणला. त्यात कोरस आतच होता. एका स्पीकरमधून मूळ आवाज, दुसऱ्यातून हलणारी प्रत, आणि दोन्हींची मिसळ खोलीतल्या हवेत. त्याच सर्किटवरून कंपनीच्या बॉस या ब्रँडने १९७६ मध्ये सीई-१ हे पेडल काढलं. कोरस पेडलांची सुरुवात तिथून धरली जाते.

निर्वाणाचं 'कम अ‍ॅज यू आर' (१९९१) ऐका. त्यातला पाण्याखालून आल्यासारखा रिफ इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल क्लोन या कोरसवरचा आहे. त्या पेडलवर एक नॉब आणि डेप्थचा एक स्विच, एवढंच. म्हणजे जास्त नॉब म्हणजे जास्त चांगलं, असं काही नाही.

फ्लँजर: जेट विमान

हाही उशिरा सोडलेल्या प्रतीचाच खेळ आहे, पण इथे उशीर फारच कमी असतो, साधारण १ ते १० मिलिसेकंद. इतक्या जवळून दोन आवाज एकमेकांवर पडले की काही फ्रिक्वेन्सी वाढतात आणि काही चक्क गायब होतात. ग्राफ काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. उशीर बदलत राहिला की तो कंगवा सरकतो आणि आपल्याला 'श्शूऽऽ' ऐकू येतं.

नाव आलंय टेप रेकॉर्डिंगच्या काळातून. दोन मशीनवर तीच टेप वाजवायची आणि एका रिळाच्या कडेवर बोट टेकवून तिला जरासं अडवायचं. त्या कडेला इंग्रजीत 'फ्लँज' म्हणतात.

फ्लँजरवर आणखी एक नॉब असतो, 'फीडबॅक', 'रिजनरेशन' किंवा 'रेझोनन्स' नावाचा. तो वाढवला की जेट विमान, कमी केला की जवळपास कोरस. 'द पोलिस'चा गिटारिस्ट अँडी समर्सचा सुरुवातीचा चमकदार आवाज अनेकांना कोरस वाटतो, पण ते होतं इलेक्ट्रिक मिस्ट्रेस नावाचं फ्लँजर. हे मला आधी कळलं असतं तर माझं पेडल विकावं लागलं नसतं.

फेजर: गोल फिरणारा आवाज

फेजरमध्ये प्रत उशिरा सोडत नाहीत. आवाज काही टप्प्यांतून नेऊन त्याची 'फेज' सरकवतात आणि मग मूळ आवाजात मिसळतात. इथेही काही फ्रिक्वेन्सी गायब होतात, पण मोजक्याच. चार टप्प्यांच्या फेजरमध्ये दोन खाचा पडतात. म्हणून तो फ्लँजरपेक्षा मऊ आणि गोल वाटतो.

१९७४ मध्ये आलेलं एमएक्सआर फेज ९० हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. एकच नॉब, स्पीड. एडी व्हॅन हेलनने १९७८ च्या पहिल्या अल्बमवर ते वापरलं आणि ते घरोघरी पोहोचलं.

फेजरचा एक भाऊ म्हणजे युनि-व्हाइब. १९६० च्या दशकात जपानमध्ये बनलेल्या या यंत्रात एक छोटा बल्ब लुकलुकतो आणि त्याच्याभोवतीचे प्रकाशसंवेदक आवाज बदलतात. जिमी हेंड्रिक्सच्या 'मशीन गन'मध्ये (१९७०) ऐकू येतो तो हाच.

मग मी कोणतं घेऊ?

सरळ उत्तर तुमच्या वाजवण्यात आहे.

• क्लीन कॉर्ड्स, आर्पेजिओ, इंडी किंवा ८० च्या दशकातला पॉप: कोरस.

• रॉक, फंक, डिस्टॉर्शनवर सोलो: फेजर. एक-दोन नॉबमध्ये काम होतं, बिघडवणं कठीण.

• ब्लूज, सर्फ, संथ गाणी, कमी कॉर्ड्स आणि भरपूर मोकळी जागा: ट्रेमोलो.

• एखाद्याच ठिकाणी लक्ष वेधून घ्यायचंय: फ्लँजर. पण रोजच्या वापराचं पहिलं पेडल म्हणून शक्यतो नको, आणि घेतलंच तर फीडबॅक पूर्ण खाली आणता येतो का ते बघा.

• एकट्याने, घरी, वेगवेगळं वाजवता: सध्या सुटं पेडल घेऊच नका. एखादं साधं मल्टी-इफेक्ट्स घ्या. दोन-तीन महिन्यांनी कोणता इफेक्ट तुम्ही सतत चालू ठेवता ते बघा. तोच तुमचा.

डेमोमध्ये भारी, बँडमध्ये गायब. असं का होतं?

तीन कारणं आहेत.

पहिलं, डेमोमध्ये गिटार एकटी असते. बँडमध्ये बेस, ड्रम्स आणि गायक असतात. मॉड्युलेशन आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी खातं आणि सुराची धार बोथट करतं. डेप्थ जास्त असेल तर गिटार मागे ढकलली जाते. माझ्या बेसिस्टला मी ऐकू आले नाही, ते यामुळे.

दुसरं, अनेक डेमो स्टीरिओत रेकॉर्ड केलेले असतात आणि आपण ते हेडफोनवर ऐकतो. दोन कानांत पसरलेला तो रुंद आवाज तुमच्या एका अ‍ॅम्पमधून येणार नाही.

तिसरं, व्हिडिओत फरक कळावा म्हणून नॉब जास्त फिरवलेले असतात. प्रत्यक्षात एक सोपा नियम पाळा: इफेक्ट जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा आणि मग बंद करा. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं तर सेटिंग बरोबर आहे.

पेडल कुठे जोडायचं?

सर्वसाधारण क्रम असा: गिटार, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब, अ‍ॅम्प. कोरस डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर किंचित बेसूर प्रती एकमेकांत घुसून चिखल होतो. फेजर आणि युनि-व्हाइब मात्र डिस्टॉर्शनच्या आधीही छान वाजतात, आवाज जास्त मऊ येतो. दोन्हीकडे लावून बघा, केबल बदलायला पैसे लागत नाहीत.

डिस्टॉर्शन अ‍ॅम्पमधलंच वापरत असाल तर अ‍ॅम्पच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे जॅक आहेत का ते पाहा. कोरस तिथे लावता येतो.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

अ‍ॅडॅप्टर. बहुतेक छोट्या पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेच्या मध्ये मायनस असतं. अनेक राउटर्सच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये उलट, मध्ये प्लस असतं आणि व्होल्टेजही १२ असू शकतं. पिन बसते म्हणून घरातला अ‍ॅडॅप्टर लावला तर नवं कोरं पेडल जळू शकतं. पेडलवर छापलेलं चिन्ह आणि व्होल्टेज तंतोतंत जुळलं पाहिजे. मिलिअँपिअर मात्र पेडलला लागतात तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको.

सेकंडहँड असेल तर. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, खरखर येते का ऐका. फूटस्विच दहा-बारा वेळा दाबा. अ‍ॅडॅप्टरची पिन हलवून आवाज तुटतो का बघा. बॅटरीचा कप्पा उघडून आत गळती झालेली नाही ना, ते पाहा.

फुकटात चाचणी. आयफोन किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँडमध्ये कोरस, फेजर, फ्लँजर सगळं आहे. कम्प्युटरसाठीही मोफत प्लगइन्स मिळतात. आवाज अगदी तसाच येणार नाही, पण आपल्याला कोणता हवाय हे नक्की कळतं. सगळ्यात उत्तम म्हणजे मित्राचं पेडल एका रविवारपुरतं मागून आणा आणि बँडसोबत वाजवा.

दुकानात जाताना. स्वतःची गिटार न्या. तुमच्या बँडची तीनच गाणी वाजवा. 'भारी' वाटणारा नवा रिफ नको, रोजचं तेच वाजवा.

फ्लँजर विकून आलेल्या पैशांत मी एक साधं सेकंडहँड फेजर घेतलं. एकच नॉब आहे आणि तो बहुतेक वेळा घड्याळात नऊ वाजतात तिथे असतो. परवा जॅम संपल्यावर बेसिस्टने विचारलं, "आज काय वेगळं लावलं होतंस? छान वाटत होतं." खरं तर तेच पेडल सहा महिन्यांपासून लावलेलं होतं.