दुसऱ्याच्या पेढीवरचे वीस दिवस

महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागते, की या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने इंटर्नशिप पूर्ण करून प्रमाणपत्र सादर करावे. घरी विषय निघतो आणि दोन मिनिटांत त्याचा निकालही लागतो. काकांचे कापडाचे दुकान आहे, मामांची भांड्यांची घाऊक पेढी आहे, नाही तर घरचे सी.ए. आहेतच. एक फोन जातो, पेढीच्या छापील कागदावर चार ओळी उमटतात, खाली शिक्का बसतो आणि पाल्याचे श्रेयांक जमा होतात. कोणाचे काही बिघडले, असे कोणालाच वाटत नाही.

माल न घेता नुसते बिल घेण्याला काय म्हणतात, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. येथेही तेच घडते. बिल हाती आले, माल आलाच नाही. आणि हा माल साधासुधा नव्हता. ‘मी पुढे काय करावे?’ या प्रश्नाचे उत्तर फारसा खर्च न करता, कोणतेही बंधन न स्वीकारता मिळविण्याची ती संधी होती. विशीतल्या मुलाला किंवा मुलीला अशी संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

१२० तासांचा हिशोब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक मिळू लागले. त्याला कोठे इंटर्नशिप म्हणतात, कोठे कार्यांतर्गत प्रशिक्षण. एका श्रेयांकासाठी साधारणतः ३० तासांचे काम अपेक्षित असते. चार श्रेयांकांचे १२० तास झाले. दिवसाला सहा तास धरले तर हे वीस दिवसांचे काम आहे. कोणत्या सत्रात आणि किती श्रेयांकांसाठी, हे विद्यापीठागणिक बदलते. म्हणून नेमकी अट महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावी.

आता हे वीस दिवस दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. सी.ए. होण्यासाठीची आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. परीक्षांची वर्षे त्याशिवाय. एम.बी.ए.ला दोन वर्षे आणि कित्येक लाखांचे शुल्क. दुकानाच्या गादीवर बसायचे ठरले तर प्रश्न पुढच्या चाळीस वर्षांचा. एवढी मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुना पाहण्यास वीस दिवस मिळत असतील, तर ते शिक्क्यावारी घालविणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

आपल्या घरातला न बोललेला प्रश्न

नोकरदार कुटुंबातल्या मुलापुढे ‘कोणती नोकरी?’ एवढाच प्रश्न असतो. व्यापारी घरातल्या मुलापुढे त्याआधीचा एक प्रश्न असतो: दुकान की बाहेरचे काम? हा प्रश्न बहुधा उघडपणे बोलला जात नाही. वडील मनापासून म्हणतात, “तुला आवडेल ते कर.” पण वाढविलेली जागा, जोडलेली गिऱ्हाइके, बाजारातली पत हे सारे कोणासाठी, हेही त्यांच्या मनात असतेच. मुलाला ते न सांगता कळते. मग तो वडिलांना रुचेल असे उत्तर देतो, किंवा केवळ सुटका हवी म्हणून दूरच्या शहरातला एखादा अभ्यासक्रम निवडतो. दोन्ही उत्तरे अनुभवाविना दिलेली असतात.

काकांच्या दुकानातली इंटर्नशिप हा प्रश्न सोडवू शकत नाही, त्याचे कारण येथे आहे. तेथे तो मालकाचा पुतण्या असतो. नोकर त्याला चूक सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक त्याच्याशी आदराने बोलते. आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे त्याला तेथे उमगत नाही. पूर्वीचे व्यापारी हे जाणून होते. आपल्या मुलाला काही काळ दुसऱ्याच्या पेढीवर ठेवावयाची रीत अनेक घराण्यांत होती. परक्याच्या गादीसमोर उभे राहिल्याखेरीज बाजार कळत नाही, हा त्यामागचा विचार होता.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे उदाहरण आपल्या वाचकांना परिचयाचे आहे. १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांच्या घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. त्यांनी त्यात पाऊल टाकले, पण मन रमले नाही. पुढे रेल्वेतील माजी लिपिक लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली आणि त्या कामात त्यांना आपला मार्ग सापडला. १९१९ मधील सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन आणि १९४० मधील बंगळूरचा विमान कारखाना हे त्यानंतरचे. इंटर्नशिप हा शब्द त्या काळी नव्हता. पण घरचे काम आपले नाही हे जसे त्यांना ते करून पाहिल्यावर कळले, तसेच बांधकाम आपले आहे हेही ते करून पाहिल्यावरच कळले.

आधी प्रश्न, मग जागा

बहुतेक विद्यार्थी जी जागा मिळेल ती घेतात आणि मग तेथे काय शिकता येईल ते पाहतात. हा क्रम उलटा करावा. प्रथम एका कागदावर एकच प्रश्न लिहावा. ‘मला वित्तक्षेत्र आवडते का?’ असा मोघम प्रश्न उपयोगाचा नाही. ‘दिवसभर दुसऱ्याच्या हिशोबातील चूक शोधणे मला आवडेल का?’, ‘अनोळखी माणसाकडे वसुलीला जाणे मला जमेल का?’, ‘माझे काम दुसऱ्याने तपासलेले मला सोसेल का?’ असे प्रश्न हवेत. पहिल्याचे उत्तर सी.ए.च्या कार्यालयात मिळेल, दुसऱ्याचे वितरकाकडे किंवा पतसंस्थेत, तिसऱ्याचे कोणत्याही परक्या ठिकाणी.

काळही विचारपूर्वक निवडावा. प्रत्येक व्यवसायाला भरती-ओहोटी असते. जीएसटीचे काम पाहायचे असेल तर मासिक विवरणपत्रांच्या ११ आणि २० या दोन्ही तारखा सापडतील असे दिवस घ्यावेत. लेखापरीक्षण पाहायचे तर सप्टेंबरमधली धावपळ पाहावी. बँकेचे खरे रूप मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या लेखापरीक्षणात दिसते. निवांत महिन्यात पाहिलेला व्यवसाय आवडला, तर ती आवड गर्दीच्या दिवसांत टिकेलच असे नाही.

रोजकीर्द आणि तेरीज

कामावर असताना रोज रात्री दहा मिनिटे काढून एक वही लिहावी. त्यात तीन गोष्टींची नोंद असावी: आज काय केले, कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, आणि कोणत्या कामात पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहिले. ही झाली रोजकीर्द. आठवड्याच्या शेवटी सारख्या नोंदी एकत्र कराव्यात, म्हणजे खतावणी होईल. वीस दिवसांनंतर तेरीज मांडावी. मनात आधीपासून असलेले उत्तर आणि वहीतले उत्तर जुळते का, ते पाहावे. जुळले नाही तर हिशोबाप्रमाणेच फरक शोधावा. वही बदलू नये.

निवृत्तीपूर्वीच्या काळात आमच्या शाखेत बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी आली होती. घरचा किराणा मालाचा घाऊक व्यापार, सी.ए. व्हायचे हे दहावीपासून ठरलेले. तिला आम्ही बंद झालेल्या जुन्या कॅश क्रेडिट खात्यांच्या फायली अभ्यासासाठी दिल्या. व्यापारी दरमहा बँकेला मालसाठ्याचे विवरण देतो आणि त्यावरून त्याला किती रक्कम उचलता येईल, हे ठरते. व्हाउचर आणि नोंदी जुळविण्याच्या कामाला ती दोन दिवसांत कंटाळली. पण एका विवरणावर थांबून तिने विचारले, “सलग तीन महिने साठ्याचा आकडा जवळजवळ तोच कसा? मधे दिवाळी होती. दिवाळीआधी आमच्या गोदामात पाय ठेवायला जागा नसते.” आकड्यामागचा धंदा तिला दिसत होता. तो प्रश्न कर्ज-अधिकाऱ्याचा होता. पुढे तिने लेखापरीक्षणाऐवजी कर्ज-मूल्यांकनाच्या दिशेने शिक्षण घेतले. गोदामात गेलेले तिचे बालपण तिच्या कामी आले, आणि ते कोठे कामी येईल हे तिला त्या काही दिवसांत समजले.

काम वेगळे, जागा वेगळी

येथे एक सावधगिरी हवी. वरिष्ठ तिरसट निघाला, लोकलची गर्दी सोसली नाही, पहिले आठ दिवस केवळ छायाप्रती काढल्या, एवढ्यावरून ‘हे क्षेत्र माझे नाही’ असा निष्कर्ष काढू नये. तो दोष त्या जागेचा असू शकतो. उलट चांगले वातानुकूलित कार्यालय, मनमिळाऊ सहकारी आणि बरे विद्यावेतन यांमुळे कामही आवडल्याचा भास होतो. कामाचा निवाडा करायचा तर त्याच कार्यालयातील पाच वर्षे आणि पंधरा वर्षे जुन्या माणसांचा दिवस कसा जातो, हे पाहावे. त्यांना विनयपूर्वक विचारावे: “आपल्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता?” आपल्याला जे काम करायचे आहे, ते आज आपण करतो ते नसून त्यांचे आहे.

आणखी एक पथ्य व्यापारी घरातल्या मुलांसाठी विशेष महत्त्वाचे. बँकेत, सी.ए.कडे किंवा घाऊक पेढीवर गावातल्या इतर व्यापाऱ्यांची माहिती डोळ्यांखालून जाते. कोणाची मर्यादा किती, कोणाचा हप्ता थकला, कोण कोणत्या भावाने घेतो, यातले एक अक्षरही घरी येता कामा नये. आणि वडीलधाऱ्यांनीही जेवताना सहज म्हणून ते विचारू नये. विश्वास ठेवून दिलेली माहिती जपणे हा विसाव्या वर्षी शिकावयाचा धडा आहे. तो घरातच मोडला गेला तर प्रशिक्षण फुकट गेले म्हणावे.

पालकांनी काय करावे

जागा मिळविण्यासाठी ओळख द्यावी, पण अर्ज आणि भेट पाल्यालाच करू द्यावी. मालकाला मधूनमधून फोन करून ‘आमचा कसा चालला आहे?’ असे विचारू नये. विद्यावेतन किती, हा पहिला प्रश्न नसावा. परगावी राहण्याची सोय समाजाच्या वसतिगृहात होते का, ते आधी पाहावे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असेल, तर तो पहिल्याच दिवशी कार्यालयात नम्रपणे सांगावा. आधी सांगितल्यास बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

मुलींच्या बाबतीत थोडे अधिक बोलावयास हवे. मुलीची इंटर्नशिप म्हणजे विवाह ठरेपर्यंतचा वेळ घालविण्याचे साधन, अशी समजूत अजून काही घरांत आहे. तिच्या वहीतली तेरीज तितक्याच गंभीरपणे वाचली गेली पाहिजे. तिला काय जमते हे तिला स्वतःला ठाऊक असेल, तर माहेरच्या दुकानात, सासरच्या व्यवसायात किंवा स्वतंत्र नोकरीत ते ज्ञान तिच्याबरोबर जाईल.

वीस दिवसांनंतर मूल घरी येऊन म्हणाले, “मला हे नको,” तर निराश होऊ नये. वीस दिवसांत मिळालेला नकार हा दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या नकारापेक्षा फार स्वस्त असतो. आणि ते जर म्हणाले, “मला आपलेच दुकान हवे,” तर त्या होकाराचे मोल वेगळे. परक्या ठिकाणी साठ्याची नोंद कशी ठेवतात, उधारी कशी आवरतात हे पाहून, स्वतः निवडून आलेला मुलगा गादीवर बसतो तेव्हा बसवलेल्या मुलापेक्षा तो निराळा असतो.

यासाठी मोठ्या कंपन्यांच्याच दारी जावयास हवे असे नाही. आपल्या समाजात कापड, धान्य, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, दलाली, वाहतूक असे कितीतरी व्यवसाय आहेत. दोन कुटुंबांनी ठरवावे, की तुमचा मुलगा आमच्या पेढीवर येईल, आमची मुलगी तुमच्याकडे. त्याला गिऱ्हाईक, गोदाम, हिशोब, वसुली अशा चारही ठिकाणी प्रत्येकी पाच दिवस बसवावे. चुकल्यास इतर नवख्याला सांगतो तसेच त्याला सांगावे. आणि वीस दिवस पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्रावर शिक्का उमटवावा.