घारापुरी : समुद्रातली लेणी

पाणी म्हटलं की आपल्याला कुंडलिका नदी आठवते. तीही उन्हाळ्यात आटते. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. पण गुरुजींनी नकाशात मुंबईजवळ एक ठिपका दाखवला. ते घारापुरी बेट. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात.

हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे एक तास लागतो. मग सुमारे १२० पायऱ्या चढल्या की लेणी लागतात. ती सहाव्या शतकाच्या सुमारास कोरली असे विद्वान म्हणतात. वेरूळसारखाच काळा दगड. आतले खांब नंतर उभे केलेले नाहीत. खांबापुरता डोंगर तसाच ठेवून बाकीचा कोरून काढला आहे. तीन तोंडांची शंकराची मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. म्हणजे आपल्या वर्गाच्या छपराच्याही वर! मधला चेहरा शांत, एक रागीट आणि एक कोमल आहे.

१५३४ साली बेट पोर्तुगीजांकडे गेले. तिथे एक मोठा दगडी हत्ती होता. म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. त्यांच्या काळात पुष्कळ मूर्ती फुटल्या. पुढे १८६४ साली इंग्रज तो हत्ती विलायतेला न्यायला निघाले, पण उचलताना तो पडून फुटला. नंतर तुकडे जोडले. आता तो मुंबईच्या राणीच्या बागेत आहे. बेटाचे नाव हत्तीवरून, आणि हत्तीच बेटावर नाही!

१९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. आता देशोदेशीचे लोक येतात. सोमवारी लेणी बंद असतात.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. तिथले लोक मासे धरतात, दुकाने चालवतात, पाहुण्यांना लेणी दाखवतात. संध्याकाळी पाहुणे परत जातात. मग पूर्वी काही तासच जनरेटर चालायचा, नंतर अंधार. समोर मुंबईचे दिवे लखलखायचे, आणि इथली मुलं दिव्याखाली अभ्यास करायची. २०१८ साली समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली, तेव्हा कायमची वीज आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! आपल्याकडे लाईट गेली की आपण लगेच ओरडतो, म्हणून मला हे वाचून लई वाईट वाटलं.

मोठेपणी मी आई-बापूंना लाँचमधून तिथे नेणार आहे. लेण्यांच्या भिंतीवर मात्र नाव लिहिणार नाही. नाव लिहायला आपलं भित्तिपत्रक आहेच.

– इयत्ता ४ थी