सशाच्या दुधातले औषध

आनुवंशिक अँजिओएडिमा या दुर्मीळ विकारात रुग्णाचा चेहरा, हातपाय, आतडी आणि कधी कधी घसाही अचानक सुजतो, आणि घशातली सूज वेळेत उतरली नाही तर श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू देणाऱ्या ब्रॅडिकायनिन या रसायनाच्या निर्मितीला आवर घालणारे सी-१ इनहिबिटर हे प्रथिन यांपैकी बहुतेक रुग्णांच्या शरीरात एक तर कमी तयार होते किंवा सदोष तयार होते. ही उणीव भरून काढणारे ‘रुकोनेस्ट’ हे औषध नेदरलँड्समधील फार्मिंग कंपनीने सशांच्या दुधापासून तयार केले असून, त्याला युरोपात २०१० साली आणि अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली.

हे प्रथिन दान केलेल्या मानवी रक्तातूनही वेगळे करता येते. मात्र तेथे पुरवठा रक्तदात्यांवर अवलंबून राहतो. इन्शुलिनप्रमाणे ते साध्या जीवाणूंकडून करवून घ्यावे, तर त्याला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या जीवाणूंना घडवता येत नाहीत, सस्तन प्राण्यांच्या पेशींना मात्र येतात. म्हणून या प्रथिनाचे मानवी जनुक, म्हणजे ते कसे घडवावे याची सूचना असलेला डीएनएचा तुकडा, गायीच्या केसीन या दुग्धप्रथिनाच्या ‘प्रवर्तका’ला जोडण्यात आले. प्रवर्तक हा जनुक कोठे आणि केव्हा कार्यरत व्हावे हे ठरवणारा भाग असतो. केसीनचा प्रवर्तक प्रामुख्याने दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत जागा होत असल्यामुळे मानवी प्रथिन मादीच्या दुधात उतरते आणि तेथून ते शुद्ध करून घेता येते. असा डीएनए नुकत्याच फलित झालेल्या बीजांडात अतिसूक्ष्म सुईने सोडण्याचे तंत्र सशांमध्ये १९८५ साली अमेरिकेत यशस्वी झाले होते, तरी त्यातून जन्मणाऱ्या पिल्लांपैकी फारच थोड्यांच्या गुणसूत्रांत नवे जनुक रुजते.

अधिक दूध देणाऱ्या गायीऐवजी ससा का, या प्रश्नाचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. सशाची मादी सुमारे एका महिन्यात विते, एका वेतात अनेक पिल्ले देते आणि ती पिल्लेही काही महिन्यांतच वयात येतात. गायीच्या बाबतीत याच टप्प्याला काही वर्षे लागतात. सशाच्या दुधात प्रथिनांचे प्रमाणही गायीच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असते आणि मोजक्या रुग्णांच्या औषधाला दुधाचे टँकर लागत नाहीत.

तरीही सशाने घडवलेले प्रथिन मानवी प्रथिनाची हुबेहूब प्रत नव्हे. त्याच्या शर्करेच्या साखळ्या वेगळ्या असल्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे अडीच तासांत निम्म्यावर येते, तर रक्तातून मिळवलेले प्रथिन एक दिवसाहून अधिक काळ टिकते. त्यामुळे रुकोनेस्ट मुख्यतः आलेला झटका शमवण्यासाठी वापरले जाते. सशांची अॅलर्जी असलेल्यांना ते देता येत नाही, हेही त्याच्या जन्मस्थानाचे देणे. फ्रान्सच्या एलएफबी कंपनीने याच मार्गाने बनवलेल्या रक्त गोठवणाऱ्या ‘सेव्हनफॅक्ट’ला २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, हिमोफिलियाच्या ज्या रुग्णांचे शरीर नेहमीच्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यांच्यासाठी ते आहे.

दूध काढण्यासाठी प्राण्याचा जीव घ्यावा लागत नाही, असे या पद्धतीच्या समर्थनार्थ सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण अशा सशांची कुळी जमवताना नवे जनुक न आलेली पिल्ले आणि पैदाशीला पुरून उरणारे नर यांचा हिशेब त्या वाक्यात धरलेला नसतो.