लशीमुळं झालं का, डॉक्टर?

सकाळी ६:३०. चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसची रांग. ओएचसी, म्हणजे कारखान्यातला आमचा दवाखाना, उघडला की आधी मी ईसीजी मशीन तपासतो.

७:४०. प्रेसशॉपमधला कंत्राटी कामगार, लातूरकडचा, पंचविशीतला. रात्रपाळी करून डबल ड्यूटीला थांबलेला. छातीत टोचतंय. बोटानं दाबलं की नेमकं तिथंच दुखतं. ईसीजी चांगला आहे, पण तो उठत नाही. “सर, २०२१ ला दोन्ही डोस घेतलेत. त्याचं तर नसेल ना?” मोबाइलमध्ये जिममध्ये कोसळणाऱ्या पोराचा व्हिडिओ.

या भीतीला हसू नये, कारण तिच्यात खऱ्याचा अंश आहे. इस्राएलमध्ये २०२१ साली फायझरच्या लशीनंतर हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं आढळलं: १६ ते २९ वयाच्या पुरुषांत लाखामागे साधारण ११ जणांना. त्रास बहुतेकांना दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात झाला, आणि बहुतेकांचा सौम्य होता. ती एमआरएनए लस. तसली लस इथं जवळच, हिंजवडीच्या जेनोव्हानंही बनवली. पण तिला परवानगी मिळाली २०२२ मध्ये. या पोरानं घेतली ती कोव्हिशील्ड. तिचा दुर्मिळ धोका वेगळा: प्लेटलेट घटून रक्तात गुठळ्या होणं, तेही डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातून या लशीबद्दल बातमी आली, ती याच धोक्याची. इतक्या वर्षांनी टोचणाऱ्या बरगडीचा दोष लशीवर जात नाही. त्याला हे सगळं सांगितलं, आणि घरी पाठवलं. झोप हेच त्याचं औषध.

१२:३०. कँटीनमध्ये तोच विषय. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयाच्या लोकांचे अचानक झालेले ७२९ मृत्यू तपासले, ते सांगतो. दोन डोस घेतलेल्यांत धोका कमीच दिसला. वाढलेला दिसला तो घरात कुणी असंच अचानक गेलेलं असेल, कोविडमध्ये ॲडमिट व्हावं लागलं असेल, किंवा आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू वा जबर शारीरिक श्रम झाले असतील, अशांत. श्रमाचं ऐकून सुपरवायझर ताटात बघतो.

२:५०. फोर्कलिफ्टवाला, चव्वेचाळीस वर्षांचा. “गॅस झालाय, इनो द्या.” शर्ट घामानं चिंब. ईसीजीत झटका स्पष्ट. ॲस्पिरिन चावायला लावली, कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलला फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली. हा माणूस तपासणीत शुगर वाढलेली निघूनही पुन्हा फिरकला नव्हता.

३:२०. त्याच्या बायकोचा फोन. “डॉक्टर, सुईमुळं झालं का हो?”

“नाही वहिनी. शुगर आणि तंबाखू. तुम्ही आधी हॉस्पिटलला पोहोचा.”

५:१०. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडल्याचा निरोप आला. वाढलेल्या शुगर-बीपीची यादी घेऊन मी एचआरकडे गेलो. या लोकांची फेरतपासणी ड्यूटीच्या वेळातच व्हावी, पगार न कापता, आणि रात्रपाळीनंतर कुणालाही डबल लावू नये, असं लेखी दिलं.