आधी कंदील, मग माणूस

आमच्या मेडशीला समुद्र नाही. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब. आमच्याकडे खोली म्हणजे विहिरीची. उन्हाळ्यात गाळ काढायला माणूस उतरवायचा, तर जुनी माणसं आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत. तो विझला की कुणी उतरायचं नाही. मग निंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराने खालीवर करून आतली हवा घुसळायची, आणि पुन्हा कंदील. (कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. काही विषारी वायूंत तो जळत राहतो अन् माणूस पडतो.)

हे आठवलं ते पुतण्यामुळे. पुण्यात नोकरी करतो. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात त्याने स्कूबा डायव्हिंगची पहिली बुडी मारली आणि तो नाद लागला. दिवाळीत घरी आला तेव्हा आता चाळीस मीटरवर जाणार म्हणून सांगत होता. "काका, तेथं थोडं चढल्यासारखं वाटते म्हणतात. मज्जाच येते. अन् नायट्रॉक्स घेतलं का तेही होत नाही." वहिनींनी त्यातलं "चढल्यासारखं" एवढंच ऐकलं आणि हातातला झारा खाली ठेवला.

मला काळजी वाटली ती त्याच्या दुसऱ्या वाक्याची.

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो निरुपद्रवी. पाण्यात मात्र दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो चौपट होतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर नायट्रोजनही चौपट दाबाने रक्तात अन् मज्जातंतूंत शिरतो. तिथे तो भूल देणाऱ्या औषधासारखा वागू लागतो. साधारण तीस मीटरपासून हे जाणवतं. कुणाला उगाच हसू येतं, कुणाला कारण नसताना भीती वाटते, कुणी हातातल्या मापकावरचा आकडा वाचतो पण त्याचा अर्थ लागत नाही. त्यावरचा उपाय सोपा आहे. काही मीटर वर या, दोन-चार मिनिटांत डोकं स्वच्छ. पण वर यायला हवं हे ठरवायचं कुणी? ज्याने ठरवायचं तेच डोकं झिंगलेलं असतं.

ही झिंग मोजण्यासाठी ज्यांनी स्वतःलाच कोंडून घेतलं, त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. पुढे ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९३९ मध्ये ब्रिटनची 'थेटिस' ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसं गेली. त्यानंतर हाल्डेन आणि त्यांचे सहकारी पोलादी कोठीत बसून दहा वातावरणांपर्यंतच्या दाबाखाली गणितं सोडवत. चांगल्या शिकलेल्या माणसांची साधी गणितं चुकत. शुद्ध प्राणवायूच्या प्रयोगात तर हाल्डेन यांना असे झटके आले की त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली.

प्राणवायूची ही बाजू पुतण्याला ठाऊक नव्हती. नायट्रॉक्स म्हणजे जास्त प्राणवायू मिसळलेली हवा, बहुधा ३२ टक्के. तिचा फायदा आहे. नायट्रोजन कमी शोषला जातो, त्यामुळे पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. पण झिंग टाळण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही, कारण दाबाखाली प्राणवायूही गुंगी आणतो असं मानलं जातं. आणि खोल गेलं की हाच प्राणवायू विषारी होतो. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा सुमारे ३३ मीटर. ते घेऊन चाळीसवर जायचं म्हणजे पाण्याखाली झटके येण्याचा धोका, आणि तिथे तोंडातली नळी सुटली की संपलं.

मग उरतो हीलियम. तो हलका असतो आणि त्याची झिंग चढत नाही. १८ टक्के प्राणवायू, ४५ टक्के हीलियम आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण साठ मीटरवर घेतलं, तर झिंग साध्या हवेने तीस मीटरच्या आतच असल्यासारखी राहते. मात्र हीलियम महाग, तो अंगातली ऊब पळवतो आणि आवाज बदकासारखा करतो. शिवाय फार खोलीसाठीच्या मिश्रणात प्राणवायू इतका कमी ठेवावा लागतो की पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तेच ओढलं तर माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून सिलिंडर स्वतः तपासायचा, आतलं प्रमाण अन् खोलीची मर्यादा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि हे सगळं कोरड्या जागी, डोकं ठिकाणावर असताना. मला तरी हा कंदीलच वाटला.

हे टाळणारे नवखेच असतात असं नाही. १९४७ साली झॅक कूस्तो यांचे सहकारी मॉरिस फार्ग साधी हवा घेऊन दोराला धरून उतरले. ठरावीक अंतरावर बांधलेल्या पाट्यांवर सही करत जायचं होतं. सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर त्यांची सही सापडली. त्यांना वर ओढलं तेव्हा नळी तोंडातून सुटलेली होती.

आपल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रात समुद्राचा तळ साधारण पाऊणशे मीटरवर आहे. तिथे काम करणारे पाणबुडे हीलियमवर श्वास घेतात आणि त्याची किंमत वेळेत मोजतात. जहाजावरच्या बंद कोठीत, तळाइतक्याच दाबाखाली, ते अनेक दिवस राहतात. काम संपलं तरी दार उघडता येत नाही, दाब उतरवायला काही दिवस लागतात. २७ जुलै २००५ला, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बोट कापलेल्या एका स्वयंपाक्याला फलाटावर पोचवण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज जवळ आलं, आदळलं आणि आग लागली. २२ माणसं गेली. जहाज सोडून सगळे निघाले, पण दाबाच्या कोठीतल्या सहा पाणबुड्यांना निघता येत नव्हतं. ३६ तासांनी त्यांना सोडवलं. जहाज १ ऑगस्टला बुडालं.