एका मापाने कीड ओळखू नये : बहुचल सांख्यिकी आणि कीड व्यवस्थापन

मुंबईहून सुटणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसचा प्रवास लखनौच्या चारबाग भागात संपतो. महाराष्ट्रातील कृषी संशोधकांना या भागाची ओळख बहुधा दोन संस्थांमुळे होते. रायबरेली रस्त्यावर 1952 साली स्थापन झालेली भारतीय ऊस संशोधन संस्था आहे, तर काकोरीनजीक रेहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण बागायती संस्था आहे. ऊस आणि आंबा ही दोन्ही पिके आपल्या जिव्हाळ्याची असल्याने हे जाणे-येणे स्वाभाविकच आहे. मात्र लखनौशी आपले आणखी एक नाते आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ते नाते सांख्यिकीचे आहे. कीड व्यवस्थापनाच्या संशोधनात बहुचल पद्धती शिकू इच्छिणाऱ्याने त्याची सुरुवात जाणून घेणे उपयुक्त ठरते.

नागपूर ते लखनौ

1920 साली नागपूर येथे भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन समाजातील व्यक्तींची शारीरिक मापे त्यांनी गोळा केली होती. ती अनेक मापे एकत्र घेऊन दोन समूहांमधील साम्य वा भेद कसा ठरवावा, असा तो प्रश्न होता. या कामातून पुढे 1936 साली महालनोबिस यांची 'डी-स्क्वेअर' ही अंतराची संकल्पना पूर्णत्वास आली. प्रश्न विचारणारा प्राणिशास्त्रज्ञ होता, याचे आम्हा कीटकशास्त्रज्ञांना विशेष अगत्य वाटते.

या पद्धतीची मोठी कसोटी 1941 साली तत्कालीन संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात लागली. लखनौ विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी प्रांतातील विविध समूहांची शरीरमापे घेतली. महालनोबिस, मजुमदार आणि सी. आर. राव यांनी केलेले त्यांचे विश्लेषण 1949 मध्ये 'सांख्य' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माणसांच्या समूहांची अशी वर्गवारी करण्याबाबत आज अनेक आक्षेप घेतले जातात आणि ते रास्तही आहेत. मात्र गणिताची ती रीत पुढे शेतीत रुजली. पीक पैदासकार वाणांमधील जनुकीय विविधता मोजण्यासाठी जे डी-स्क्वेअर विश्लेषण वापरतात, ते याच परंपरेतील होय. कृषी विद्यापीठांतील शेकडो प्रबंधांत ते आढळते.

अंतर म्हणजे नेमके काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जातीच्या पतंगांच्या पंखाची लांबी आणि शरीराची लांबी यांत 0.8 इतका सहसंबंध आहे. सापळ्यात दोन पतंग सापडले. पहिल्याची दोन्ही मापे सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलनाने अधिक आहेत. दुसऱ्याचे पंख तितकेच लांब आहेत, परंतु शरीर एक प्रमाण विचलनाने आखूड आहे. एकेक माप सुटे पाहिले तर दोघेही सर्वसाधारण ठरतात. साध्या भूमितीने सरासरीपासूनचे वर्गित अंतर काढले तरी दोघांचे उत्तर सारखेच, म्हणजे 2 येते.

महालनोबिस यांच्या पद्धतीने मात्र पहिल्याचे वर्गित अंतर 1.11 आणि दुसऱ्याचे 10 येते. पहिला केवळ चांगला पोसलेला पतंग आहे. दुसऱ्याच्या शरीराची ठेवणच त्या जातीत न बसणारी आहे. मापांचे वितरण प्रसामान्य असेल, तर दोन मापांसाठी 1 टक्का पातळीची मर्यादा 9.21 असते आणि दुसरा पतंग ती ओलांडतो. तो वेगळ्या जातीचा असू शकतो, म्हणून त्याची तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी. मापे परस्परांशी बांधलेली असतात आणि ते बंधन हिशेबात घेतल्याशिवाय खरा भेद दिसत नाही, हे बहुचल सांख्यिकीचे मर्म होय.

तुडतुडे, तापमान आणि मोहोर

हाच विचार शेतात आणला म्हणजे त्याचे मोल कळते. आंब्यावरील तुडतुड्यांची साप्ताहिक संख्या, कमाल तापमान, आर्द्रता, सूर्यप्रकाशाचे तास आणि बाष्पीभवन यांची नोंद करून प्रत्येकाशी तुडतुड्यांचा सहसंबंध काढणे ही रूढ रीत आहे. तिच्यातून 'तापमान वाढले की तुडतुडे वाढतात' असा निष्कर्ष निघतो आणि तो सल्ल्याच्या रूपाने बागायतदारापर्यंत जातो.

परंतु हिवाळा संपताना तापमान, ऊन आणि बाष्पीभवन एकत्रच वाढतात व आर्द्रता घटते. त्याच सुमारास मलिहाबाद पट्ट्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंब्याला मोहोर येतो. तुडतुडे कोवळी पालवी आणि मोहोर यांतील रस शोषतात. मग संख्या तापमानामुळे वाढली की मोहोरामुळे? कोकणात मोहोर थंडी पडू लागल्यावर, नोव्हेंबरपासून येऊ लागतो. तेथे तापमान उतरत असताना तुडतुडे वाढलेले दिसू शकतात, म्हणजे सहसंबंधाचे चिन्हच उलटणे शक्य आहे. लखनौचा तापमानाचा आकडा रत्नागिरीत जसाच्या तसा लावला, तर फवारणीची वेळ चुकेल. औषध आणि मजुरी यांचा खर्च वाया जाईल, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतील आणि कीड मात्र तशीच राहील.

हे सर्व हवामान घटक एकाच समाश्रयण समीकरणात घातले की प्रश्न सुटतो, असेही नाही. परस्परांत गुंतलेले घटक एकत्र आले की प्रत्येकाचा गुणांक डळमळीत होतो आणि एखादा घटक वगळताच दुसऱ्याचे चिन्ह बदलते. अशा वेळी मुख्य घटक विश्लेषण साह्याला येते. ते गुंतलेल्या मापांतून मोजकी स्वतंत्र परिमाणे काढून देते. पिकाची अवस्था मात्र वेगळी नोंदवलेली असलीच पाहिजे. जे मोजलेच नाही, ते कोणतीही पद्धत शोधून देत नाही.

शिकताना ध्यानात ठेवावयाच्या बाबी

आधी प्रश्न ठरवावा, मग पद्धत. गट आधीच माहीत असतील आणि नवा नमुना कोणत्या गटातील हे ठरवायचे असेल, तर विभेदक विश्लेषण योग्य ठरते. फिशर यांनी 1936 मध्ये आयरिस फुलांच्या तीन जातींवर, प्रत्येकी 50 फुलांची चार मापे वापरून ते मांडले. गट माहीत नसतील आणि ते शोधायचे असतील, तर समूह विश्लेषण करावे. संगणक कोणत्याही आकड्यांचे समूह पाडून देतो. ते खरे आहेत का, हे शेतात पडताळावे लागते.

एकके समान पातळीवर आणावीत. पाऊस शेकडो मिलिमीटरमध्ये आणि तापमान तीस अंशांच्या आसपास असते. प्रमाणीकरण न करता मुख्य घटक काढले, तर पाऊसच सर्वांवर मात करतो.

एका हंगामाच्या 20 आठवड्यांच्या नोंदी म्हणजे 20 स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. या आठवड्यातील संख्या मागील आठवड्यावर अवलंबून असते. अनेक हंगाम आणि अनेक ठिकाणे यांशिवाय भाकिताचा दावा करू नये.

पायाकडे दुर्लक्ष करू नये. वि. गो. पानसे आणि साताऱ्यातील बुध या गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठीचा सांख्यिकी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगाची आखणी आणि नमुना निवड यांचे जे शिक्षण त्यात आहे, तेच बहुचल पद्धतींचेही अधिष्ठान आहे.

नोंदवहीची जबाबदारी

विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतशील शेतकऱ्यांनी ही समीकरणे सोडवावीत, अशी अपेक्षा नाही. परंतु क्रॉपसॅपसारख्या सर्वेक्षण प्रकल्पांतील आकडे त्यांच्याच शेतावरून येतात. कीड आढळली नाही तर 'शून्य' लिहावे आणि पाहणी झालीच नाही तर रकाना रिकामा सोडावा. या दोहोंची गल्लत झाली की विश्लेषणाचा पायाच खचतो. बहुचल विश्लेषणात एक रकाना रिकामा राहिला, तर बहुतेकदा त्या दिवसाची संपूर्ण ओळ बाद होते. म्हणून कीडसंख्येबरोबर वाण, पिकाची अवस्था, मित्रकीटक आणि मागील फवारणीची तारीख एकाच वेळी, एकाच झाडाच्या वा ओळीच्या संदर्भात नोंदवावी.

सल्ला हाती आल्यावर तो किती हंगामांच्या आणि कोणत्या भागातील नोंदींवर आधारलेला आहे, तसेच त्यात पिकाची अवस्था धरली आहे का, हे अवश्य विचारावे. शास्त्रज्ञानेही त्या प्रश्नाचे स्वागत करावे, कारण चुकलेल्या फवारणीची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.