शालीची उलटी बाजू : पॅरिसच्या जुन्या बाजारातली खरेदी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं, मग सुरुवात करू.

आजचा विषय हलकाफुलका वाटेल : परदेशात फिरताना घेतलेले नामांकित डिझायनरांचे कपडे, स्कार्फ, पर्सा, आणि जुन्या बाजारात हाती लागलेल्या चिजा. पण या खरेदीत आपले पैसे गुंतलेले असतात, कायदा गुंतलेला असतो, आणि वस्तू विणणाऱ्याचे कष्टही. सगळं जग फिरत बसण्यापेक्षा आज एकाच ठिकाणी जाऊ या. पॅरिसच्या उत्तर वेशीबाहेर, सँ-तुअँच्या बाजारात.

या बाजाराला फ्रेंच लोक ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. जुन्या गाद्या-कपड्यांतल्या पिसवांवरून हे नाव पडलं, असं सांगतात. बाजार बसवला तो चिंध्या वेचणाऱ्यांनी. आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते, तशी ही मंडळी रात्री रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या, हाडं, लोखंड वेचत. 1883 मध्ये पॅरिसचे प्रीफेक्ट पुबेल यांनी हुकूम काढला की, घरमालकांनी कचऱ्यासाठी झाकणाचे डबे ठेवलेच पाहिजेत. कचरा डब्यात गेला आणि वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पुबेल’च म्हणतात! ही माणसं शहराच्या तटाबाहेर, जिथे शहराची जकात लागत नव्हती तिथे, पथारी मांडून बसू लागली. हळूहळू शौकीन पॅरिसकर तिथे येऊ लागले.

आज तिथे एक सोडून दहा-बारा बाजार आहेत. शनिवार, रविवार, सोमवार हे मुख्य दिवस. मेट्रोच्या चार नंबर लाइनवर पोर्त द क्लिन्याँकूरला उतरलात की आधी बूट, जॅकेटं, पट्टे यांचे ठेले लागतात. बरेच जण तिथूनच हिरमुसून परततात. तिथे रेंगाळू नका. रिंगरोडच्या पुलाखालून पुढे गेलात की रोझिए रस्ता लागतो, खरा बाजार तिथे सुरू होतो. व्हेर्नेझाँच्या अरुंद बोळांत बटणं, लेस, मणी मिळतात. पॉल बेर आणि सेर्पेतमध्ये माल उंची, भावही उंची. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचं. न बोलता वस्तूला हात लावणं तिथे उद्धटपणाचं समजतात. घासाघीस चालते, पण हसत आणि बेतानं.

आता पारख कशी करायची? सोपं उदाहरण घेऊ, एर्मेसचा रेशमी चौकोनी स्कार्फ. पहिला निघाला 1937 साली. ठरलेलं माप 90 बाय 90 सेंटीमीटर. त्याची कड हातानं गुंडाळून शिवलेली असते, आणि ती गुंडाळी सुलट्या बाजूला येते. बोटांत धरली तर कड फुगीर लागते, टाके किंचित पुढेमागे दिसतात. कड चपटी आणि टाके यंत्राचे असतील, तर स्कार्फ खाली ठेवा. रंग एकमेकांत पसरलेले दिसले तरी शंका घ्या.

स्कार्फचं हे झालं सोपं. शालीनं मात्र आम्हाला धडा शिकवला. एका दुकानात मोठी, कोयऱ्यांनी भरलेली लालसर शाल दिसली. दुकानदार म्हणाला, ‘काश्मीर’. आम्ही हुरळून गेलो, फार विचारलं नाही, पैसे मोजले. खोलीवर येऊन शाल उलटी केली आणि लक्षात आलं की ही काश्मीरची नव्हेच, फ्रान्समध्येच विणलेली! दुकानदार खोटं बोलला नव्हता. फ्रेंचमध्ये त्या धर्तीच्या शालीलाही ‘काश्मीर शाल’च म्हणतात. चूक आमची, कारण उलटी बाजू दुकानात बघायची असते.

उलट्या बाजूला काय दिसतं? काश्मीरच्या कानी शालीत प्रत्येक रंगाचा धागा छोट्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो. तो आपल्या नक्षीपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत वळतो. त्यामुळे मागे रंगांच्या सीमेवर बारीक उंचवटे लागतात. पुष्कळदा शाल तुकड्यातुकड्यांनी विणून इतकी सफाईनं जोडलेली असते की सांधा शोधावा लागतो. जाकार्ड मागावर रंगीत धागे या काठापासून त्या काठापर्यंत धावतात. मागचे लोंबते धागे मग कापून टाकतात, म्हणून उलट्या बाजूला कापलेल्या टोकांची लव आणि आडवे पट्टे दिसतात.

आणि इथेच खरी गोष्ट आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर या शाली फ्रान्समध्ये फॅशनमध्ये आल्या. सम्राज्ञी जोसेफीनला त्यांचं वेड होतं. फ्रेंच विणकरांनी नकला सुरू केल्या, आणि 1804 च्या जाकार्ड मागामुळे ते काम झपाट्यानं होऊ लागलं. पुढे तर पॅरिसचे दलाल श्रीनगरला जाऊन तिथल्या विणकरांकडून पॅरिसच्या पसंतीचे नमुने विणून घेऊ लागले. विणकरांवर कर मात्र इतका जबर होता, की 1865 साली ते श्रीनगरच्या रस्त्यावर उतरले. फौजेनं त्यांना हुसकावलं आणि त्यात माणसं मेली. मग 1870 चं फ्रान्स-प्रशिया युद्ध झालं, पॅरिसची फॅशन बदलली, आणि शालींची मागणी कोसळली. पाठोपाठ 1877 ते 79 चा दुष्काळ. किती विणकर घरं उपाशी मेली, किती पंजाबात गेली! म्हणजे पॅरिसमध्ये झग्याचा घेर बदलला, आणि श्रीनगरात चूल विझली.

आता कायद्याचं थोडक्यात. फ्रान्समध्ये नकली ब्रँडची वस्तू जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मला माहीत नव्हतं’ यावर विसंबू नका. मगरीच्या कातड्याची जुनी पर्स, हस्तिदंती पंखा, कासवाच्या पाठीचा कंगवा, शाहतूश शाल या वन्यजीवांच्या वस्तू. शंभर वर्षं जुन्या असल्या तरी परवान्याशिवाय सीमा ओलांडताना अडकतात. त्यांचा मोह टाळलेला बरा.

नव्या दुकानात एकूण 100 युरोंच्या वर खरेदी झाली तर आपल्यासारख्या परदेशी प्रवाशाला कर परत मिळतो. कर 20 टक्के असला, तरी मधली कापाकापी होऊन हातात साधारण 12 टक्केच पडतात. पासपोर्ट दाखवून फॉर्म मागून घ्यायचा आणि विमानतळावर सामान देण्याआधी यंत्रावर तो स्कॅन करायचा, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात. विमान युरोपीय संघातच बदलणार असाल तर हे काम संघातल्या शेवटच्या विमानतळावर होतं. जुन्या वस्तूंवर ही सवलत बहुधा मिळत नाही, म्हणून आधी विचारा. भारतात उतरल्यावर आपलं कस्टम आहेच. 2016 च्या नियमांत करमुक्त मर्यादा 50,000 रुपयांची होती, पण ती बदलत असते, तेव्हा निघण्यापूर्वी ताजा आकडा पाहा. आणि पावती जपून ठेवा. पावतीवर ‘कुठली, कधीची, कशाची’ हे दुकानदाराकडून लिहून घ्या. आम्ही ते घेतलं असतं, तर खोलीवर जाऊन डोक्याला हात लावायची वेळ आली नसती.

त्या शालीचं काय झालं, असं कुणीतरी विचारणारच. ती आमच्याकडेच आहे. काश्मीरच्या भावात घेतलेली फ्रेंच नक्कल. पण कोयरी तिच्यावरही तीच आहे, आपल्या साडीच्या पदरावर असते ती. पाहुणे आले की आम्ही शाल आधी उलटी करून दाखवतो.

आता प्रश्न घेऊ. हं, बोला ताई.